खांब हलला

माझा जावई काय काम करतो असं कुणी विचारलं, की मी आधी चष्मा सारखा करते आणि मग म्हणते, "काचेचं."

"म्हणजे खिडक्या बसवतात?"

"नाही, काचेत उजेड बसवतात."

मग समोरचं माणूस माझ्याकडे जरा मायेनं बघतं. वय झालं बाईचं, असं. वय झालंय ते खोटं नाही, पण उजेड बसवतात हेही खोटं नाही. कसा बसवतात ते मात्र मला विचारू नका. जावयानं समजावलं, लेकीनं समजावलं, एकदा तर त्याच्या कारखान्यातल्या जोडीदारानं, सगळे ज्याला शिंकऱ्या म्हणतात त्यानं, पेल्यात चमचा घालून समजावलं. ते समोर बसलेले असतात तोवर सगळं कळल्यासारखं वाटतं. ते उठले, की उजेडही त्यांच्याबरोबर उठून जातो.

मी लेकीकडे राहते. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण आमच्या घरात ग्रहाचा मान माझा. जन्मभर शिवणकाम केलं, दुसरीच्या पुढची शाळा पाहिली नाही. कापडाचं माप टेपनं घ्यावं आणि माणसाचं नजरेनं, एवढंच येतं. या माणसाचं माप मात्र मला बरीच वर्षं सापडलं नाही. गिऱ्हाइकांना मी ओरडायची, "हलू नका हो!" याला म्हणावंसं वाटायचं, "जरा हला हो." लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा खुर्चीवर असा बसला, की शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "खुर्चीवर कोट कुणाचा टाकलाय?" कारखान्यात त्याला सगळे 'खांब' म्हणतात. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कागदावर 'तो' म्हणते. त्याच्या शर्टांची इतकी बटणं मी लावलीत, की तेवढा हक्क माझा आहे.

कारखाना म्हणजे काही धुराडं वगैरे नाही. एका गल्लीच्या टोकाला बसकी इमारत, खाली तळघर, तळघरात याची अंधारी खोली. ती मी एकदाच पाहिली, तीही तिच्या दाराचे काळे पडदे मी शिवून दिले म्हणून. एकामागे एक दोन पडदे, मधे माणूस उभा राहील एवढी जागा. आत लाल दिवा, तोही आजारी असल्यासारखा. मधोमध दगडी टेबल, त्याच्या पायांखाली हवा भरलेल्या रबरी ट्यूबा. रस्त्यावरून ट्रक गेला तरी टेबलाला कळू नये म्हणून. टेबलावर बोटाएवढे आरसे, एकेक आपापल्या काठीवर उभा. आणि हिरव्या उजेडाची एक तार. दोऱ्यासारखी सरळ, ओवायला सुई घ्यावी अशी.

"आई, आता या एका उजेडाचे दोन फाटे करायचे," तो कुजबुजला, "आरशांवरून फिरवून आणायचे, आणि काचेवर समोरासमोर भेटवायचे."

काचेवर खळ लावलेली असते. ते तिला जिलेटिन म्हणतात, मी खळच म्हणणार. दोन उजेड त्या खळीत भेटले, की काही ठिकाणी उजेडात उजेड मिळून जास्त उजेड होतो, आणि काही ठिकाणी उजेडात उजेड मिळून अंधार होतो. माझी गाडी इथेच अडते. दिव्याशेजारी दिवा लावला तर अंधार कसा होईल?

"दोन जण एक झोका ढकलतायत," तो म्हणाला. "एका तालात ढकलला तर उंच जातो. एक पुढे ढकलतोय आणि त्याच वेळी दुसरा मागे ओढतोय, तर झोका जागच्या जागी."

"मग झोक्यावर बसलेलं माणूस काय म्हणतं?"

त्यानं खूप वेळ विचार केला. "ते मला माहीत नाही, आई."

तर त्या उजेड-अंधाराचे पापुद्रे त्या खळीत तसेच्या तसे राहतात. पुढे काच पाण्यातून काढतात, स्पिरिटातून काढतात, वाळवतात, ओल लागू नये म्हणून वर दुसरी काच चिकटवतात, आणि हातात काय येतं? काच. नुसती काच. पण तिच्या पोटात वहीच्या पानांसारखे पापुद्रे, एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील असे. त्यावर उजेड टाकला, की प्रत्येक पापुद्रा आपल्या वाटणीचा इवलासा उजेड परत फेकतो. कोन बरोबर असला तर सगळ्यांचे इवलेसे एका तालात येतात आणि काच झगमगते. कोन चुकला, की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, काच कोरी.

हे मात्र मला पटलं. चौकड्यांचं कापड शिवताना शिवणीवर रेघेला रेघ जुळली तर सदरा एकसंध दिसतो, आणि कापड जरासं तिरकं, उरेब गेलं तर महाग कापडाचंही पोतेरं. तसं मी म्हटलं, तर जावई इतका खूश झाला की त्यानं मान हलवली. त्या खोलीत एवढं हलणं म्हणजे चैन.

कारण पापुद्रे बसत असताना तिथे कुणी हलायचं नाही. बोलायचं नाही, काचेच्या दिशेनं श्वासही सोडायचा नाही. टेबल केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढं हललं तरी रेघा एकमेकींत पुसतात. म्हणून या कामाला खांब लागतो. आणि त्याच्या जोडीला मालकानं कोण दिला? शिंकऱ्या. खळीत घालायच्या पिवळ्या औषधानं त्याच्या नाकात हुळहुळतं. एकदा ऐन वेळी तो असा शिंकला होता, की वरच्या मजल्यावरच्या दरवानानं "कोन आहे?" म्हणून हाक दिली होती.

या दरवानाबद्दल आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल. त्याच्या तोंडात ण नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी, कोण म्हणजे कोन. सगळा कारखाना त्याची नक्कल करतो आणि तो काही म्हणाला की मनातल्या मनात न चा ण करून घेतो. वर्षानुवर्षांची सवय. माझे पुढचे दात गेल्यापासून माझेही न आणि ण एकाच दारानं बाहेर येतात, त्यामुळे मला त्याच्याबद्दल आपलेपणा आहे.

जावयानं घरी आणलेली पहिली काच माझ्यासाठी होती. माझं अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी, त्यानं दोन दिवस मागून नेलं. परत दिलं तेव्हा बरोबर तळहाताएवढी काच.

"यात तुमचं अंगुस्तान आहे, आई."

मी पुढून पाहिली, मागून पाहिली. काही नाही. "छान आहे हो," म्हटलं. जावयाला खोटं कसं पाडणार? लेकीला मात्र आत नेऊन विचारलं, "अगं, हे काही घेत-बित नाहीत ना?"

बरेच दिवस ती काच खिडकीत पडून होती. मग एका सकाळी धूळ पुसायला उचलली, हातात जरा तिरकी झाली, आणि आतून हिरवंगार अंगुस्तान बाहेर आलं. त्यावरचे खळगे मोजता येतील इतकं खरं. मी बोट घालायला गेले तर बोट काचेवर आपटलं. जरा सरळ केली, गेलं. तिरकी केली, आलं. मी खिडकीपाशी उभी राहून किती वेळ ते येऊ दिलं आणि जाऊ दिलं कोण जाणे. दूध उतू गेलं तेव्हा लेक ओरडली.

"कोन साधला की दिसतं," जावई संध्याकाळी म्हणाला. तेव्हापासून हा शब्द माझा झाला.

पण कारखाना काही अंगुस्तानांवर चालत नाही. त्यांच्या काचा क्रेनच्या केबिनमध्ये जातात. क्रेन चालवणारा उंचावर एकटा बसलेला, खाली साखळीला एवढं मोठं ओझं लोंबकळतंय. त्याच्यावरून नजर काढायची नाही, आणि ओझं किती जड, वारा किती, हे आकडे तर बघायला हवेत. म्हणून यांची पातळ काच त्याच्या समोरच्या काचेला चिकटवतात आणि खालून एक छोटा दिवा आकडे फेकतो. ही काच तेवढाच हिरवा उजेड त्याच्या डोळ्यांकडे वळवते, बाकी सगळं आरपार जाऊ देते. त्याला आकडे हवेत तरंगताना दिसतात, ओझ्याच्या शेजारी. त्या काचा माझ्या जावयाच्या. मी कधी रस्त्यानं जाताना क्रेन दिसली की मान वर करून बघते आणि मनात म्हणते, हलू नका हो.

तर क्रेनवाल्यांचा फोन आला तो दुपारी, जेवायच्या सुट्टीत. ऑफिसात कुणी नव्हतं, दरवानानं उचलला. मालक आल्यावर त्यानं जिन्यातच निरोप दिला. शिंकऱ्या तिथेच हात धूत होता, त्यानं मला शब्दन् शब्द सांगितलाय.

"मालक, क्रेनवाल्यांचा फोन. नव्या काचांत काही दिसत नाही म्हनाले. कोन चुकलाय. कोन होता ते लगेच कळवा म्हनाले."

"कोण होता म्हणजे? एवढे चिडलेत?"

"चिडल्यासारखे नव्हते. पन दोनदा म्हनाले. कोन, कोन."

मालक तसाच तळघरात उतरला आणि पडद्याबाहेरून गरजला, "खोलीत कोण होतं त्या काचांच्या वेळी?"

कोण असणार? दोघंच. सगळे शिंकऱ्याकडे बघायला लागले. शिंकऱ्या पांढरा पडला. "मी नाही शिंकलो. आईची शपथ, या खेपेला एकदाही नाही."

काचा निघण्याआधी डब्यातली एखादीच तपासून बघतात, ती बरी होती. बाकीच्या तिकडे केबिनमध्ये चिकटवूनही झाल्या होत्या, परत येऊन साक्ष द्यायच्या नव्हत्या. मग जावई म्हणाला, "तो नसेल, तर मी असेन."

झालं. कारखानाभर एकच बातमी, खांब हलला.

घरी आला तो चपला न काढता आत आला. तेवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. लेक नुकतीच दवाखान्यातल्या तिच्या कामावरून आली होती. ती एकदम उसळली.

"हललात की नाही हललात?"

"तेच आठवत नाहीये."

"मग कबूल कशाला केलंत?"

"खोलीत दोघं. तो नाही म्हणतो. मग उरलं कोण?"

"तुम्हीही नाही म्हणायचंत!"

"मग काचेत का दिसत नाही?"

ती माझ्याकडे वळली, "आई, तू तरी सांग यांना." मी काय सांगणार कपाळ? या घरात गोंधळलेली मी एकटीच, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी चहा कुणी केला आणि साखर कुणी घातली याचाही पत्ता नव्हता. तिघांनीही घातली असावी.

मालकानं त्याला पॅकिंगला टाकलं. पगार तोच, घालूनपाडून बोलणं नाही. मालक वाईट माणूस नाही, नुसता घाईचा आहे. म्हणाला, "थकला असशील. खोलीत परत यायचं ते तुझी तुला खात्री वाटेल तेव्हा." आता खात्री कुठून आणायची? हललो नाही याची आठवण कशी असते? माणसाला केलेलं आठवतं. न केलेलं कुणाला आठवतं?

पॅकिंगचं काम तो नीटच करायचा. काच कागदात, कागद खोक्यात. पण घरी त्याचं सगळं उलटं झालं. कधी न हलणारा माणूस सारखा हलायला लागला. बसला की गुडघा नाचतोय, उभा राहिला की या खिडकीतून त्या खिडकीत. हातातून कप सुटायला लागले. एका सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर खुर्ची मांडून बसला.

"आई, माझ्याकडे बघत बसा. मी हलतो का ते सांगा."

मी बसले. दुधाकडे बघतात तशी टक लावून. तो बसला. घड्याळ टिकटिकत होतं. बघता बघता माझा डोळा लागला.

"हललो का?"

मी दचकून उठले. "मला काय माहीत? मीच हलले."

लेक स्वयंपाकघरातून हसली, मग रडली. मला वाटलं, हा माणूस कुणाशी भांडत नाही, कशाचा हट्ट धरत नाही. त्या एका अंधाऱ्या खोलीत तेवढं याला वाटत होतं की आपण जगात बरोबर जागी उभे आहोत. तेच याच्या पायाखालून गेलंय, आणि ते याला परत मिळणार की नाही हे कुणालाच माहीत नाही.

मग एका दुपारी शिंकऱ्या आला. आला तो माझ्याच खाटेवर बसला.

"मावशी, वाटोळं झालं. दुसऱ्या काचा मी एकट्यानं केल्या. नाकाला चिमटा लावून केल्या. इथे तपासली तर झकास दिसते. तिकडे पुन्हा कोऱ्या!"

जावई खिडकीपाशी येरझारा घालत होता, तो थांबला. "माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय. म्हणजे तुम्ही नव्हतात. म्हणजे मी होतो का? पण मी शिंकलो नाही हो! मालक म्हणतो, आता पुरे झालं. तयार काचा बाहेरून आणू, आणि खोलीत पुठ्ठ्याची खोकी ठेवू. पडदे काढायला सांगितलेत."

"माझे पडदे?" मी म्हटलं.

"तुमचे पडदे, मावशी."

"इथे दिसतं, तिथे दिसत नाही," जावई स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "इथे दिसतं, तिथे दिसत नाही." पुन्हा चालायला लागला.

लेक म्हणाली, "अहो, जरा बसा. मला घेरी येते तुमच्याकडे बघून."

शिंकऱ्या रडवेला झाला होता. पाहुण्याला असं बसवून ठेवणं बरं दिसेना, आणि खायला द्यावं तर घरात सगळा आनंदच होता. म्हणून मी आपली खिडकीतली काच उचलली. पोरांना नाही का आपण खुळखुळा दाखवत?

"हे बघ, ओळखीचं आहे का. तुझ्या खांबानंच केलंय. यात माझं अंगुस्तान आहे."

त्यानं नाक पुसलं, काच नाकासमोर सरळ धरली. "काही नाही यात, मावशी."

"आहे रे."

"नाही हो. हीपण कोरीच. सगळ्याच कोऱ्या."

मी जावयाकडे वळून म्हटलं, "अहो, याला दिसत नाहीये. कोन चुकलाय."

शिंकऱ्या ताडकन उभा राहिला. "तुम्हीसुद्धा? मावशी, तुम्हीसुद्धा विचारता कोण चुकलाय? मी नाही चुकलो! शंभरदा सांगितलं, मी नाही!"

"अरे, तुला कोण म्हणतंय? काचेचा कोन म्हणतेय मी! कोन! तिरकी धर, तिरकी!" मी त्याच्या हातातली काच वळवली. अंगुस्तान आलं. "हे बघ."

"आलं की," शिंकऱ्या म्हणाला आणि खाली बसला.

मग माझं जावयाकडे लक्ष गेलं. तो उभा होता. नुसता उभा. गुडघा नाही, हात नाही, पापणी नाही. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात पुन्हा खांब उभा होता.

"दरवान काय म्हणाला होता?" त्यानं हळूच विचारलं. "अगदी त्याच्या तोंडचं सांग."

शिंकऱ्यानं नक्कल केली, ती त्याला चांगली येते. "कोन चुकलाय. कोन होता ते लगेच कळवा."

लेकीनं हळूच तोंडावर हात धरला. मला काही केल्या कळेना की झालंय काय. मी आपली एकाच्या तोंडाकडे बघते, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते. "अरे, मला कुणी सांगाल का?" म्हटलं, तर दोघं पुरुष चपला घालून दाराबाहेरसुद्धा. शिंकऱ्याच्या पायात एक चप्पल माझी.

पुढचं मला त्यांनी रात्री जेवताना सांगितलं, एकमेकांच्या तोंडातलं वाक्य ओढून घेत. दरवानाला विचारलं, तर तो म्हणाला, "मी तेच तर म्हनालो. कोन. फोनवरचा मानूस बोलला तसंच बोललो." बिचारा जन्मात एकदा शब्द जसाच्या तसा बोलला, आणि सगळ्या कारखान्यानं तो सुधारून घेतला. ध चा मा झालेला ऐकला होता, इथे न चा ण झाला. आणि एकदा 'कोण' म्हटलं, की माणसं माणसांकडे बघतात, काचेकडे कुणी बघत नाही.

मालकानं तिथल्या तिथे क्रेनवाल्यांना फोन लावला. जावई आणि शिंकऱ्या समोर उभे.

"अहो, तुम्ही कोन विचारला होतात का?"

"तेव्हापासून तेच विचारतोय! आमची नवी केबिन आहे, समोरची काच जास्त कलती. तुमची काच कोणत्या कोनाला केलीय ते सांगा म्हटलं. तर तुम्हीच कळवलंत, कोन कळला, बदललाय."

"कोण कळला, बदललाय, असा निरोप दिला होता मी दरवानाजवळ! माणूस बदलला!"

"माणूस कशाला बदललात?"

"तुम्ही विचारलंत म्हणून!"

"आम्ही माणूस विचारला नव्हता हो! मग कोन बदलला की नाही?"

"नाही! त्याला पॅकिंगला टाकला!"

"कोन पॅकिंगला टाकला?"

इथे मालकानं फोन टेबलावर ठेवला, म्हणे, आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. फोनमधून "हॅलो, हॅलो" येत होतं. शेवटी फोन जावयानं उचलला आणि आकडा सांगितला. जुन्या काचा कोणत्या कोनाला केल्यात तो. पलीकडचा म्हणाला, "एवढंच तर हवं होतं."

म्हणजे काचा कोऱ्या नव्हत्याच. पहिल्या नाही, दुसऱ्याही नाही. आकडे त्यांत दिसत होते, पण भलतीकडे. केबिनमध्ये एखादा माणूस छताला डोकं लावून वाकून बसला असता तर त्याला दिसले असते. हे मला लेकीनं समजावलं. मी म्हटलं, "मग तसाच बसवायचा एखादा." ती म्हणाली, "आई, तू जेव."

मला विचाराल तर मला अजूनही वाटतं, चूक झाली ती नेमकी कुणाची? क्रेनवाल्यांनी केबिन बदलली हे आधी सांगायला हवं होतं. मालकानं नीट विचारायला हवं होतं. दरवान बरोबर बोलला, पण रोज चूक बोलायचा. शिंकऱ्या शिंकला नाही, पण आधी एकदा शिंकला होता. आणि माझा जावई, जो हललाच नाही, तो 'मी' म्हणाला. धरायला गेलं तर सगळे हाताला लागतात, आणि धरून ठेवावं असा एकही नाही.

मालक दुसऱ्या दिवशी स्वतः पॅकिंगच्या टेबलापाशी आला. "चल खाली. नव्या कोनाच्या काचा करायच्यात. पडदे परत लावलेत." जावई उठला नाही. म्हणाला, "मालक, मला अजून आठवत नाहीये." मालक म्हणाला, "अरे बाबा, पण आता आठवायचं काय राहिलंय?" तरी तो बसूनच. मग म्हणे शिंकऱ्यानं त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही आला नाहीत तर मी पुन्हा एकटा, आणि माझ्या नाकाला चिमट्यानं फोड आलाय." तेव्हा उठला.

खाली गेले. पडदे ओढले. नव्या कोनाची पहिली काच लावली, टेबल शांत व्हायची वाट बघितली, उजेडापुढची झडप उघडली. लाल दिवा, हिरवी तार, दोघं गप्प. खांब उभा. आणि त्या अंधारात, ऐन पापुद्रे बसायच्या वेळी, शिंकऱ्याच्या तोंडून अगदी बारीक आवाजात निघालं, "कोन आहे?"

माझा जावई हसला.

साधं हसला नाही. टेबलाला धरून, पोट धरून, खाली बसून हसला. वरून दरवान खरोखरच ओरडला, "कोन आहे?" तेव्हा तर दोघंही जमिनीवर होते.

संध्याकाळी घरी आला, चपला दारात काढल्या, जागच्या जागी ठेवल्या. आणि माझ्या हातात एक काच दिली.

"आई, आज मात्र मी खरंच हललो. हे आठवतंय. खरं हलणं कसं असतं ते आज कळलं, आणि तसं त्या दिवशी काहीही झालं नव्हतं." मग हसला, दात दिसतील असा. त्याचे दात मी पहिल्यांदाच इतके मोजून पाहिले. "दुसरी काच बरी आली. ही पहिली. ही साफ कोरी आहे."

"मग मला कशाला?"

"ठेवा."

मी ती खिडकीत ठेवलीय, अंगुस्तानाच्या शेजारी. त्यात काही नाही हे मला माहीत आहे. रेघा रेघांत पुसल्या की काही उरत नाही, हे त्यानं मला झोका, वही, चौकडी सगळं घेऊन पुन्हा समजावलंय, आणि तो समोर होता तोवर मला कळलंही होतं. पण दोघं जण त्या काचेसमोर एवढे हसले, तर जरासं तरी कुठे बसलं नसेल का? रोज सकाळी धूळ पुसताना मी ती थोडी तिरकी करून बघते. मग अजून थोडी.

अजून कोन सापडलेला नाही.